न दिसण्याचा अधिकार

अभयारण्यात वाघ पाहायला जाणारा माणूस तिथे नेमके काय करत असतो, हा प्रश्न वरवर पाहता पर्यटनाचा किंवा फार तर वनव्यवस्थापनाचा वाटतो, तत्त्वज्ञानाचा वाटत नाही. आगाऊ आरक्षण करायचे, दिवस उजाडताना प्रवेशद्वाराशी उभ्या असलेल्या जिप्सीत बसायचे, गाईड बोट दाखवील तिकडे माना वळवायच्या आणि ऊन चढले की परत फिरायचे, एवढाच तो व्यवहार आहे. परंतु त्याच्या बुडाशी एक गृहीत आहे आणि ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याची तपासणी सहसा होत नाही. शिकारी प्राणी मारतो, लाकूडतोड्या झाड नेतो, गुराखी गवत चारतो. पाहणारा मात्र काहीच घेत नाही, आणि ज्याने काही घेतले नाही त्याच्याकडे दोष कसला, असे ते गृहीत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीची वाट बंद केल्यानंतर बंदुकीची जागा दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने घेतली, तेव्हापासून तर या गृहीताला सद्‌गुणाचीच प्रतिष्ठा मिळाली. केवळ पाहणे ही खरोखर निष्पाप क्रिया आहे काय, आणि नसेल तर पाहणाऱ्यावर तिच्यामुळे कोणते बंधन येते, याचा विचार भारतीय धर्मपरंपरांनी वेगवेगळ्या निमित्तांनी केलेला आहे, आणि तो आजच्या अभयारण्याच्या दाराशी नेऊन ताडून पाहण्याजोगा आहे.

पाहणाऱ्याच्या निर्दोषत्वाचा सर्वांत बळकट सिद्धान्त सांख्य दर्शनात सापडतो. सांख्य मतानुसार विश्वाची मूळ तत्त्वे दोन : प्रकृती, म्हणजे सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांची बनलेली, सतत घडणारी-मोडणारी जड सृष्टी, आणि पुरुष, म्हणजे निव्वळ चैतन्य, जे स्वतः काहीच करत नाही, फक्त साक्षी असते. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त पुरुषाला द्रष्टा, मध्यस्थ आणि अकर्ता ठरवले आहे, तर प्रकृतीला रंगमंचावरील नर्तकीची उपमा दिली आहे, प्रेक्षकांना नृत्य दाखवून झाले की नर्तकी थांबते, तशी प्रकृती पुरुषाला स्वतःचे रूप दाखवून निवृत्त होते. पाठोपाठ कारिकाकार तिच्या लाजाळूपणाबद्दलही बोलतो : आपण पाहिले गेलो, हे उमगल्यावर ती त्या पुरुषाच्या दृष्टीस पुन्हा पडत नाही. मोक्षशास्त्रात या रूपकाचा रोख अगदी वेगळा आहे आणि तो रानाशी जोडणे हे शास्त्रार्थाच्या दृष्टीने धारिष्ट्याचे ठरेल. तरीही माणसाची चाहूल लागताच कान टवकारून, पुढचा खूर आपटून, एका ढांगेत झाडीआड होणारे सांबर ज्याने पाहिले आहे, त्याला ईश्वरकृष्णाचा हा तपशील ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही.

मुंडकोपनिषदातील दोन पक्ष्यांचे रूपकही याच कुळातले आहे. एकाच झाडावर बसलेल्या दोन सोबती पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. परंपरेने पहिल्याला जीव आणि दुसऱ्याला ईश्वर मानले. अभयारण्यात जाणारा माणूस स्वतःला नकळत या दुसऱ्या पक्ष्याच्या फांदीवर नेऊन बसवतो, आणि घोटाळा होतो तो इथे. सांख्यांचा पुरुष काय किंवा उपनिषदातील न खाणारा पक्षी काय, दोघेही देहाच्या पलीकडचे आहेत. त्यांना वास नाही, वजन नाही, त्यांच्या गाडीला इंजिन नाही. रानात शिरलेल्या माणसाचा वास वाऱ्यावरून त्याच्या आधी पोहोचतो, शेंड्यावरचे वानर त्याला सर्वांत आधी हेरते आणि खाकरू लागते, खाली चरणारी चितळे माना वर करतात, आणि त्याला अजून काहीही दिसलेले नसताना त्याच्याभोवतीच्या रानातले चरणे, पाणी पिणे, पिलाला पाजणे काही काळ थांबलेले असते. सांख्यांच्याच परिभाषेत बोलायचे तर डोळे, कान आणि पाय घेऊन आलेला पाहणारा हा पुरुष नव्हेच. तो प्रकृतीचा भाग आहे, म्हणजे कर्ता आहे, आणि त्याचे पाहणे हे इतर कर्मांसारखेच एक कर्म आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली, त्याची चित्रफीत सर्वदूर फिरली, चालक आणि गाईडांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतून कोणी दगड भिरकावला नव्हता की कोणी खाली उतरले नव्हते; सगळे जण फक्त पाहत होते.

सांख्यांचा साक्षी जिथे अपुरा पडतो, तिथून श्रमण परंपरांचा, म्हणजे वैदिक यज्ञमार्गाबाहेर वाढलेल्या बौद्ध आणि जैन संन्यासमार्गांचा, विचार सुरू होतो. त्यांनी डोळ्यांपेक्षा पायांची चिंता अधिक केली. विनयपिटकातील ‘महावग्ग’ या ग्रंथात वर्षावासाच्या नियमाची जी हकिकत दिली आहे, तीत तक्रार घेऊन येतात ते सामान्य लोक : इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरेसुद्धा झाडांच्या शेंड्यावर घरटी करून थांबतात, आणि हे शाक्यपुत्र मात्र भर पावसात हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, कितीतरी बारीक जीवांचा चुराडा करतात. या तक्रारीवरून बुद्धाने भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याची आज्ञा दिली, अशी ती कथा आहे. जैन मुनींसाठी हाच विचार आणखी काटेकोर झाला. त्यांच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावधपणे वागण्याच्या पाच नियमांपैकी, पहिली ईर्या समिती ही चालण्याविषयीच आहे. दिवसाउजेडी, रुळलेल्या वाटेने, पुढच्या साधारण चार हात जमिनीवर नजर ठेवून, पायाखाली जीव येणार नाही असे पाहून पाऊल टाकावे, असा तिचा दंडक आहे. नजरेचा हा वापर विलक्षण आहे, कारण इथे पाहण्याने पाहणाऱ्याला काहीही मिळवायचे नसते. कोणाला तरी वाचवण्यापुरतेच ते पाहणे असते. लांबवर दुर्बीण रोखून पुढे सरकणारा निसर्गप्रेमी आणि खाली पाहत चालणारा मुनी एकाच पायवाटेने गेले, तर पायवाटेवरच्या मुंग्यांना त्यांतला कोण बरा वाटेल, हे सांगायला नको.

या विचाराला महाराष्ट्रात एक प्रत्यक्ष ठिकाण आहे. मुंबईच्या उत्तरेला सुमारे १०४ चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागी कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेला तिथला वावर पुढे हजारभर वर्षे टिकला. त्या लेण्यांतल्या लहान खोल्या, दगडात कोरलेले निजण्याचे ओटे आणि दाराशेजारची पाण्याची टाकी, ज्यांना तिथल्या शिलालेखांत पोढी म्हटले आहे, ही सारी रचना एका जागी थांबून राहणाऱ्यांच्या सोयीची आहे. पाऊस कड्यावरून पन्हळींत आणि पन्हळींतून टाक्यात उतरावा, म्हणजे पाण्यासाठीही फार हिंडावे लागू नये, अशी योजना त्या कारागिरांनी केलेली दिसते. आज पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी मुंबईकरांची गर्दी नेमकी तिथेच लोटते, धबधबे पाहायला, आणि ज्या ऋतूत पाऊल आवरायचे म्हणून ती लेणी उपयोगी पडली त्याच ऋतूत त्यांच्याभोवतीची जमीन सर्वाधिक तुडवली जाते. दुसऱ्या बाजूला, विदर्भातील व्याघ्रप्रकल्प वर्षावासाचे व्रत पाळताना दिसतात. ताडोब्याचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांना बंद असते. चिखलात कच्चे रस्ते चालू राहत नाहीत, हे त्यामागचे मोठे कारण आहे आणि त्याला उगाच अध्यात्माचा मुलामा देण्याची गरज नाही. परंतु महावग्गातील लोकांची तक्रारही चिखल, गवत आणि किडे यांच्याबद्दलच होती, आणि धर्माचे पुष्कळसे नियम असेच जमिनीवरच्या कारणातून वर आलेले असतात.

वर्षावास आणि ईर्या समिती हे नियम संन्याशांचे झाले. गृहस्थांसाठी, त्यातही गावगाड्यातल्या माणसांसाठी, याच प्रश्नाचे उत्तर देवराईने दिले. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणात, मावळात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात अशी राने अजून टिकून आहेत, आणि काळकाई, वाघजाई, शिरकाई, भैरव, म्हसोबा अशा दैवतांच्या मालकीची ती समजली जातात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या दैवतांचे आणि त्यांच्या रानांचे मूळ शेतीपूर्व, शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या समाजापर्यंत मागे नेले. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी करून त्यांच्यातील वनस्पतींचे महत्त्व अभ्यासकांपुढे मांडले. तत्त्वविचाराच्या दृष्टीने देवराईचे वैशिष्ट्य असे की तिथे मालक ठरलेला आहे आणि तो माणूस नाही. वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, पडलेले झाड पडले तिथे कुजू द्यायचे, आणि अगदीच निकड असेल तर गुरवाकरवी देवाला कौल लावून परवानगी घ्यायची. देवाने नकार दिला तर निमूटपणे परत फिरायचे, हे त्या कौलातच गृहीत असते.

सत्तरीतील निरंकाराची राय हे या व्यवस्थेचे एक टोकाचे उदाहरण आहे. तिथे गोड्या पाण्याच्या दलदलीत रानजायफळाच्या कुळातील झाडे उभी आहेत, आणि काळ्या चिखलातून त्यांची मुळे गुडघे वर काढावेत तशी जागोजाग वर आलेली दिसतात, कारण बुडालेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती घेण्यासाठी त्यांना पाण्याबाहेर यावे लागते. अशी दलदल भातशेतीसाठी उपसणे सोपे, आणि एकदा उपसली की ती पुन्हा उभी राहणे जवळपास अशक्य. देव निराकार असल्याने त्याला देऊळ लागले नाही, आणि देऊळ लागले नाही म्हणून राय वाचली, असे थोडे चेष्टेने म्हणता येईल. चेष्टेचा भाग सोडला तरी त्यात तथ्य आहे. कारण गेल्या काही दशकांत अनेक देवरायांचे नुकसान नास्तिकांनी केलेले नाही, भाविकांनी केले आहे. शेंदूर फासलेल्या तांदळ्यासाठी आरसीसीचा सभामंडप बांधायचा, त्यासाठी जीर्णोद्धार समिती नेमायची, आणि मंडपाच्या खर्चासाठी व गाड्या लावण्याच्या जागेसाठी देवाचीच झाडे तोडायची, हा क्रम परिचित आहे. रान हेच ज्याचे रूप होते तो देव छपराखाली येऊन बसला की त्याचे रान मोकळी जागा ठरते.

देवराईचा गौरव करताना आणखी दोन गोष्टी नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिली अशी की तिथली मर्यादा भयावर उभी आहे, आणि ते भय सर्वांना सारखे वाटून दिलेले नाही. काही देवरायांत स्त्रियांना प्रवेश नाही किंवा विटाळाच्या नावाखाली मज्जाव आहे. निसर्गाविषयीचा आदर आणि माणसांतील उतरंड एकाच देवाच्या आज्ञेने टिकून राहिल्या, हे मान्य करूनच त्या परंपरेतून काही घ्यावे लागते. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. सत्तरी आणि सांगे परिसरात वाघाच्या दगडी मूर्ती आहेत, वाघाला देव मानून पुजण्याची तिथली प्रथा जुनी आहे. आणि तरीही जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्याच म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घातल्याने मेलेले सापडले. गाय मारली गेलेल्या माणसाला वाघोबा आठवत नाही असे नव्हे. पूर्वी वाघोबाशी केलेल्या करारात गावाचे रानावर काही हक्क होते, अभयारण्य झाल्यावर ते आकसले, आणि एकाच पक्षाने पाळायचा करार फार दिवस टिकत नाही. पालघर-ठाण्याच्या वारली पाड्यांत वाघबारसेला वाघोबाच्या ठाण्याशी कोंबडा, नारळ, दारू चढवून रान आणि पाडा यांच्यातील शांतता मागितली जाते, तेव्हा त्या प्रार्थनेत वाघ दिसावा अशी मागणी नसते. त्याने आपल्या वाटेने जावे आणि माणसांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे, एवढेच मागणे असते.

इथे प्रश्नाचा गाभा हाती लागतो. वारल्याची प्रार्थना आणि पर्यटकाची इच्छा यांच्या दिशाच उलट आहेत. जिप्सीतून उतरणाऱ्याला पहिला प्रश्न ‘सायटिंग झाली का?’ हाच विचारला जातो, आणि नकारार्थी उत्तर आले तर पैसे वाया गेल्याची हळहळ व्यक्त होते. म्हणजे न दिसणे हा तिथे तोटा धरला जातो. वास्तविक पट्टेरी कातडी, ठिपके, गवताच्या रंगाची पाठ, हवेचा रोख पाहून बसण्याची सवय हे सगळे न दिसण्यासाठी लाखो वर्षांत तयार झालेले गुण आहेत, आणि जे रान प्राण्याला अदृश्य राहू देते तेच धड रान होय. प्राण्याच्या स्वातंत्र्याची व्याख्या करायची झाल्यास हिंडणे, खाणे आणि वंश वाढवणे यांच्या जोडीला न दिसण्याचा अधिकार त्यात घालावा लागेल, कारण तो काढून घेतला की प्राणिसंग्रहालय आणि अभयारण्य यांच्यात कुंपणाच्या लांबीखेरीज फारसा फरक उरत नाही. ताडोब्यातील ‘माया’ या वाघिणीला पाहायला देशोदेशीचे लोक येत असत. तिचे प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक भांडण जाहीर झाले, आणि प्रसिद्धीचा हा झोत वाघिणीला हवा होता की नव्हता, हा प्रश्न विचारण्याची पद्धतच नसल्यामुळे कोणी विचारला नाही.

पाहिले जाण्याचा शीण असतो, ही जाणीव मराठी धर्मजीवनाला नवी नाही, आणि तिचा सर्वांत स्पष्ट पुरावा पंढरपुरात मिळतो. एरवी विठ्ठलाचा दिवस काकड्याने सुरू होतो आणि शेजारतीने संपतो. देव झोपतो, दार लागते. आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या काळात मात्र लाखो वारकऱ्यांची सोय व्हावी म्हणून देवाचा पलंग काढला जातो, पाठीशी लोड दिला जातो, आणि देव चोवीस तास उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान घातले जाते, भक्तांनी माथा टेकून टेकून शिणलेल्या पायांना लिंबू-साखर चोळली जाते, रात्री औषधी काढा दिला जातो, पलंग पुन्हा घातला जातो आणि देव विश्रांती घेतो. विटेवरच्या पाषाणाला थकवा येतो असे वारकऱ्यांना खरोखर वाटते की नाही, हा प्रश्न इथे गौण आहे. भक्ताच्या प्रेमाचाही भार पडतो आणि प्रेम करणाऱ्यानेच तो उतरवायचा असतो, एवढी गोष्ट त्या विधीने पक्की करून ठेवली आहे. शिवाय रांग न संपणारी असेल तर नामदेव पायरीला हात लावून आणि कळस पाहून परतणारे वारकरी असतात, आणि त्यांची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. वारी घडते ती चालण्याने आणि नामाने. गाभाऱ्यातला क्षण मिळाला तर भाग्य, न मिळाला तरी पुण्य उणे होत नाही.

अभयारण्याला याच प्रकारचे कळसदर्शन शक्य आहे काय, हा प्रश्न त्यामुळे निरर्थक ठरत नाही. एक प्रकारे शासनाने त्याचे उत्तर आकड्यात दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर, ते पुन्हा सुरू होऊ दिले. त्या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येतो. उरलेल्या भागात काय चालते, हे पैसे मोजून पाहता येत नाही. नियमाची भाषा व्यवस्थापनाची असली तरी तिने गाभाऱ्याचे दार पुन्हा लावून घेतले आहे.

यावर एक आक्षेप सरळ येतो आणि तो टाळता येत नाही. न दिसणे हेच प्राण्याचे हित असेल, तर माणसाने रानात जाऊच नये. आणि माणसे गेली नाहीत तर रानाच्या बाजूने बोलायला उरेल कोण? ज्याने शेकरू कधी पाहिली नाही, भीमाशंकरच्या रानात ती आपली झुपकेदार शेपटी फांदीखाली लोंबकळत ठेवून मागच्या पायांवर बसते आणि पुढच्या दोन पंजांत फळ गोल फिरवत सोलते हे ज्याच्या डोळ्यांना ठाऊक नाही, तो त्या रानातून जाणाऱ्या रस्त्याला विरोध कशाच्या बळावर करील? हा आक्षेप खोटा नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्लींचे लेखन वाचून मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या रानाकडे वळल्या, आणि तो सर्व खटाटोप पाहण्यातूनच झाला होता. मात्र त्या लेखकांचे पाहणे मुक्कामाचे होते. रान त्यांच्या उपस्थितीला सरावेपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती. दोष इच्छेत नाही, इच्छेने स्वतःला हक्क म्हणवून घेण्यात आहे, आणि तिकिटाचा दर जितका वाढतो तितके हे रूपांतर जलद होते.

इच्छा असूनही हक्क न सांगणारे पाहणे कसे असते, याचा एक नमुना महाराष्ट्राच्या वनविभागाकडेच आहे. वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, जंगलातील पाणवठ्यांशेजारच्या मचाणांवर माणसे बसवून प्राण्यांची मोजदाद करण्याचा जुना प्रघात आहे. चांदणे लख्ख असते, ओढे आटलेले असल्यामुळे प्राण्यांना ठरावीक पाण्यावर यावेच लागते, म्हणून ही रात्र निवडलेली. वाघांच्या गणनेसाठी आता ही पद्धत शास्त्रीय मानली जात नाही, २००६ पासून देशपातळीवर स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेतला जातो. तरी ‘निसर्गानुभव’ या नावाने हा उपक्रम चालू आहे, आणि ज्ञानसाधन म्हणून त्याची किंमत उतरल्यावर साधना म्हणून ती वाढली असावी. मचाणावरच्या माणसाला खाली उतरता येत नाही, दिवा लावता येत नाही, अत्तर लावून येता येत नाही, बोलता येत नाही. एका कागदावर वेळ, प्राणी, संख्या, नर की मादी एवढे टिपायचे असते. रात्री केव्हातरी सांबर कडेच्या सावलीत येऊन उभे राहते आणि पाऊण तास तिथेच थांबते, पाणी पंधरा पावलांवर असताना. बसलेल्याला तोवर पायाला मुंग्या आलेल्या असतात, पण हलायचे नाही हे त्याला कळते, कारण ते तहानलेले जनावर त्याच्याचमुळे खोळंबलेले असू शकते. पाहणाऱ्याची किंमत कोण मोजतो, हे समजायला त्याहून लांबचे प्रमाण लागत नाही. कित्येकांच्या कागदावर सकाळी दोन रानडुकरे आणि एक मोर इतकेच उतरलेले असते, आणि तो कागदही जमा होतो. मोजदादीच्या दृष्टीने कोऱ्या रकान्याला भरलेल्या रकान्याइतकाच अर्थ असतो.

स्वयंचलित कॅमेऱ्याने मात्र या चर्चेत नवी गुंतागुंत आणली आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना खोडाला बांधलेल्या त्या पेटीला वास नाही, भूक नाही, ती खोकत नाही. सांख्यांना अपेक्षित असलेला अकर्ता साक्षी यंत्राच्या रूपाने रानात येऊन बसला, असे तिच्याबद्दल म्हणावेसे वाटते. प्राण्याच्या दिनक्रमात तिचा अडथळा फार थोडा आहे हे खरेच. परंतु तिने टिपलेले छायाचित्र माणसांच्या हाती येते, पट्ट्यांवरून वाघाला क्रमांक मिळतो, त्याची हद्द नकाशावर चढते, आणि ती माहिती ज्याच्याकडे असेल त्याला वाघ केव्हा कुठे असतो हे कळते. त्या ज्ञानाचा उपयोग चौकीदार करील, तसा गाईडही करील आणि चोरटा शिकारीही. अडथळा न आणता पाहणे शक्य झाले म्हणून पाहणे निर्दोष झाले, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही, आणि साक्षीने पाहिलेल्याचे पुढे काय करायचे, याचे उत्तर ईश्वरकृष्णाकडे नव्हते, कारण त्याच्या पुरुषाला कोणाला काही सांगायचेच नव्हते.

शेवटी हा विचार ताडोब्याच्या नावाशीच येऊन थांबतो. स्थानिक गोंड परंपरेनुसार तारू हा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला आणि देव झाला, आणि त्याच्यावरूनच रानाला हे नाव पडले. तळ्याच्या काठी एका मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे, आणि पौषात तिथे जत्रेची परंपरा आहे. १९५५ मध्ये या रानाचे राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि देवाचे ठाणे गाभा क्षेत्रात गेले. वन्यजीव अधिनियमाच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणकोणत्या कारणांसाठी देता येतो याची यादी आहे : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आतल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच तरतूद लागू होते. पाहण्याची कारणे या यादीत तीन-चार प्रकारांनी आली आहेत, पूजा हे कारण त्या नावाने आलेले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरागत हक्कांची दुसरी वाट उघडली असली, तरी दोन्ही कायद्यांची सांगड ठिकठिकाणी वाटाघाटीने आणि कधी भांडणाने घालावी लागते. वाघाने मारलेल्या माणसाला देव मानून त्याच्यापुढे, वाघाच्याच घरात, नारळ ठेवायला येणारा गोंड भाविक अभ्यासक नाही, छायाचित्रकार नाही आणि पर्यटकही नाही. परवान्याच्या नमुन्यात त्याच्या येण्याचे कारण कोणत्या रकान्यात लिहायचे, हे ठरवताना कायद्याला पाहणे आणि नमस्कार करणे यांतला भेद केव्हातरी शब्दांत मांडावा लागेल.